भांड्यावरचे नाव



आमच्या घरी आईच्या लग्नातला एक पितळेचा गडवा आहे. त्याच्या गळ्याखाली बारीक टिंबांनी नाव घातलेले आहे. भेट देणाऱ्या मामांचे नाव, आईचे नाव आणि खाली तारीख. ही रीत आपल्या सर्वांच्याच घरची आहे. लग्न, बारसे, वास्तुशांती, प्रत्येक मंगलकार्याचा असा एक लेख आपल्या मांडणीवरील कोणत्या ना कोणत्या भांड्यावर सापडतो. परंतु तो गडवा ज्याने घडविला त्याचे नाव त्यावर नाही. देणाऱ्याचे आहे, घेणाऱ्याचे आहे, करणाऱ्याचे नाही. कामगारांच्या संघटनेत काम करताना हजेरीपटावर कोणाचे नाव आहे आणि कोणाचे गाळले आहे, हे पाहण्याची आम्हांस सवय जडली. त्या सवयीनेच हे गाळलेले नाव आमच्या नजरेत भरले, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय तेथून निघाला.

शोध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आगगाडी, तारायंत्र, विमान अशा वस्तू येतात आणि त्यांच्यामागे एखाद्या परदेशी गृहस्थाचे नाव येते. घरातील गडवा, गुंड, गंज, कोपर, विळी, चुंबळ यांनाही शोध म्हणावे, असे आपल्या मनात येत नाही. या वस्तू जणू झाडाला फळे लागावीत तशा आपोआप आल्या, असे आपण धरून चालतो. आम्हांस आज असे दाखवावयाचे आहे की, या वस्तू शोधच आहेत; ते पुष्कळ हातांनी मिळून लावलेले शोध आहेत; आणि त्या हातांचा हिशेब आपण ठेवला नाही, याची किंमत आपल्या भंडारा जिल्ह्याने भरली आहे.

प्रथम गडव्याकडेच पाहू. कोणी त्यास तांब्या म्हणतात, नदीपलीकडे बालाघाटकडे गेले की लोटा म्हणतात, वस्तू एकच. त्याचे पोट गोल आहे. पत्रा तेवढाच वापरून जास्तीत जास्त पाणी राहील असा आकार गोलाचाच असतो, हे भूमितीच्या पुस्तकात आहे; गडवा करणाराने ते पुस्तक वाचले नव्हते. पोटावर गळा आवळलेला आहे, त्यामुळे चालताना पाणी हिंदकळून सांडत नाही. पण गळा इतकाही आवळलेला नाही की आत हात जाऊ नये. हात गेला नाही तर राखेने घासावयाचे कसे? गळ्याच्या वर काठ बाहेर वळविलेला आहे. त्या वळलेल्या काठाने तीन कामे होतात. पातळ पत्र्याला ताठपणा येतो. ओल्या हातातूनही भांडे निसटत नाही, कारण बोटे काठाखाली अडकतात. आणि विहिरीत सोडताना दोराचा फास गळ्यात बसला की काठ त्यास वर सरकू देत नाही. शिवाय ओतताना धार काठावरून सुटून पडते, भांड्याच्या अंगावरून ओघळत नाही. म्हणूनच ओठ न लावता वरून पाणी पिता येते.

हे वरून पिणे म्हणजे केवळ स्वच्छता नव्हे, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. भांड्याच्या आकारात समाजाची सोय असते, तशी समाजाची भिंतही असते. ज्याला भांड्यास हात लावू द्यावयाचा नाही, त्याच्या ओंजळीत वरून धार धरणारा गडवा हाच होता. चवदार तळ्याचे पाणी प्यावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडास सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट तांब्या-पितळेच्या कोणत्याही इतिहासातून वगळता येणार नाही. वस्तू कितीही उत्तम घडलेली असो, ती कोणाच्या हाती जाते आणि कोणाच्या हाती जात नाही, हा प्रश्न उरतोच. आम्ही गडव्याची स्तुती करतो ती ही गोष्ट ध्यानात ठेवून.

आता याच गडव्याची स्तुती ज्यांनी परदेशातून येऊन केली त्यांची हकीकत सांगतो. स्वातंत्र्यानंतर लहान उद्योगांची वाढ कशी करावी आणि बाजारात येणाऱ्या मालाचा दर्जा घसरू नये म्हणून काय करावे, असा प्रश्न भारत सरकारपुढे होता. त्यासाठी फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने चार्ल्स ईम्स व रे ईम्स या अमेरिकन पतिपत्नींना पाचारण करण्यात आले. ही मंडळी काही पोथीपंडित नव्हती. दुसऱ्या महायुद्धात प्लायवूड वाकवून जखमी खलाशांच्या पायांसाठी आधाराच्या खपच्या त्यांनी तयार केल्या होत्या, आणि त्याच रीतीने पुढे जगप्रसिद्ध खुर्च्या बनविल्या होत्या. ते देशभर हिंडले आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. हिंदुस्थानात पाहिलेल्या सर्व वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत मोलाची वाटलेली वस्तू कोणती असावी? ताजमहाल नव्हे, दागिने नव्हेत. आपला साधा लोटा.

त्यांनी लोट्याविषयी जे प्रश्न मांडले ते कारखान्यातल्या माणसाने ऐकण्यासारखे आहेत. एका खेपेस किती पाणी आणणे सोयीचे? हात बाईचा की पुरुषाचा, केवढा? भांडे डोक्यावर न्यावयाचे, कमरेवर की हातात? रिकामे असताना तोल कोठे असतो आणि भरल्यावर कोठे जातो? धार कशी पडते? आतून घासता येते काय? ऊन पाणी घातले तर हाताला किती चटका बसतो? दुसऱ्या भांड्यावर आपटले तर आवाज कसा येतो? करावयास किती खर्च लागतो, टिकते किती, आणि मोडीत घातले तर हाती काय उरते? एवढ्या प्रश्नांची उत्तरे एकाच वस्तूत मिळतात. आणि म्हणून, ही वस्तू कोण्या एका माणसाने आखलेली असणे शक्य नाही, पिढ्यान् पिढ्यांनी ती घडविली आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या अहवालाचे फलित म्हणून १९६१ मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. त्या संस्थेतून पुढे पुष्कळ नामवंत शिकून बाहेर पडले.

या थोर पाहुण्यांचे ऋण मान्य करूनही आम्हांस एक पुस्ती जोडावीशी वाटते. ‘पिढ्यान् पिढ्यांनी घडविले’ असे म्हटले की ऐकावयास गोड वाटते. पण पिढी काही हातोडा धरत नाही. हातोडा माणूस धरतो. त्या माणसास मजुरी किती होती, त्याच्या कानांचे काय झाले, त्याने केलेल्या सुधारणेतून त्याला काय मिळाले, हे प्रश्न त्या यादीत बसत नाहीत. ते विचारावयाचे तर आपल्याला अमेरिकेस किंवा अहमदाबादेस जाण्याचे कारण नाही. भंडाऱ्यास गेले तरी पुरे.

भंडारा या गावाचे नावच लोकांच्या समजुतीप्रमाणे ‘भाणा’ म्हणजे पितळेचे ताट या शब्दावरून पडले, आणि ही व्युत्पत्ती इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरातही नोंदलेली आहे. ती भाषाशास्त्रज्ञांना पटो वा न पटो, पितळेची भांडी हा या गावचा मुख्य धंदा होता, एवढे तीवरून निश्चित होते. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. भंडाऱ्याची भांडी मात्र या सीमा ठरण्यापूर्वीपासून दोन्हीकडच्या घरांत नांदत होती. बपेऱ्यासारख्या टोकाच्या गावच्या मुलीचे लग्न नदीपलीकडे झाले तरी रुखवतात भांडी भंडाऱ्याचीच जात.

हे काम कसे चाले ते थोडक्यात सांगतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ढोबळ मानाने दोन भाग तांबे, एक भाग जस्त. तांबे १०८५ अंशांवर वितळते. जस्ताची मात्र ९०७ अंशांवरच वाफ होऊ लागते. म्हणून वितळलेल्या तांब्यात जस्त टाकले की पांढऱ्या धुराचा लोट उठतो. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी माणूस थंडी वाजून तापाने फणफणतो आणि दुसऱ्या दिवशी बरा होतो. डॉक्टरी पुस्तकांत या तापास स्वतंत्र नाव आहे. भट्टीवरच्या माणसाला त्याचे नाव ठाऊक नव्हते, पण ताप ठाऊक होता. जस्त केव्हा टाकावे, किती वाफ होऊन उडेल आणि म्हणून किती जादा टाकावे, हे तो ज्वालेच्या रंगावरून ओळखी.

पुढे पत्रा ठोकून पोट काढावयाचे. पितळ ठोकले की कडक होते, आणि त्याच कडकपणात पुढे तडकण्याचे बी असते. म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करावे लागते. ही गोष्ट आपल्याला साधी वाटेल. परंतु ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्याजवळ साठविली की आपोआप चिरत. त्याचे कारण शास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये स्पष्ट केले. ठोकण्याने आणि ओढण्याने धातूत राहिलेला ताण व तबेल्यातील अमोनिया वायू यांच्या संयोगाने त्या भेगा पडत होत्या. ताण काढावयास उपाय तोच, तापवून मऊ करण्याचा! शेवटी भांड्याच्या अंगावर हातोडीने जवळजवळ सारखे ठोके देतात. त्यास मठारणे म्हणतात. ते चकाकणारे ठोके आपण नक्षी समजतो. ते नक्षी आहेत खरे, पण त्यांनीच पातळ पत्र्याला बळकटी येते. म्हणजे एकाच ठोक्यात शोभा आणि मजबुती. त्या ठोक्याचे मोल म्हणून म्हाताऱ्या कारागिराचे कान जात. दिवसभर दहाजण एका छपराखाली पितळ ठोकत असले म्हणजे काय होते ते अनुभवानेच कळते. त्या आळीत माणसे घरीसुद्धा मोठ्याने बोलत.

आता सुधारणा कशी होई ते पाहू. एका वृद्ध कारागिराने आम्हांस सांगितलेली गोष्ट अशी. गुंडाचा काठ तो पूर्वी धारदार सोडीत असे. बाजारात एक बाई जुना गुंड घेऊन आली आणि तिने आपला खांदा दाखविला. कमरेवरून गुंड खांद्यावर घेताना तो काठ रोज तेथेच घासे, आणि घट्टा पडला होता. त्याने पुढच्या गुंडापासून काठ आत वळवून बोथट केला. शेजारच्या दुकानदाराने ते पाहून आपल्या कारागिराकडून तसेच करून घेतले. दोन वर्षांत बाजारात जुन्या काठाचा गुंड मिळेनासा झाला. या शोधाची नोंद कोठे झाली? कोठेच नाही. शोध कोणी लावला? आमच्या मते दोघांनी: जिने खांदा दाखविला तिने, आणि ज्याने काठ वळविला त्याने.

हे घडू शकले त्यास कारण होते. करणारा आणि वापरणारी एकमेकांसमोर येत होती. आपल्याकडील ‘मोड’ देण्याची रीत आठवा. जुने फुटके भांडे मोडीत द्यावयाचे, त्याच्या धातूची किंमत वजा करावयाची, आणि नव्यासाठी घडणावळ तेवढी रोख मोजावयाची. या रीतीने धातू वाया जात नसे हा एक लाभ. दुसरा लाभ कोणी सांगत नाही, तो असा की प्रत्येक भांडे आपल्या दोषांसह करणाऱ्याकडे परत येई. कोठे झिजले, कोठे चिरले, कोठे डाख सुटला, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाही. आजच्या मोठमोठ्या कारखान्यांना जी माहिती गोळा करावयास पगारी माणसे ठेवावी लागतात, ती माहिती येथे मोडीच्या तराजूत फुकट येऊन पडत होती.

परंतु याच तराजूत कारागिराचे नुकसानही होते. भांडे वजनावर विकले जाई आणि पुष्कळदा त्याची मजुरीही वजनावरच ठरे. मग हुशारीने पत्रा पातळ ठेवून, काठ वळवून, मठारून हलके आणि तितकेच मजबूत भांडे कोणी केले, तर काय होईल? गिऱ्हाइकाचे पैसे वाचतील, बाईच्या डोक्यावरचा भार कमी होईल, आणि करणाऱ्याची मजुरी घटेल! अक्कल वापरल्याबद्दल दंड भरण्याची ही व्यवस्था होती. आम्ही मजुरीचे अनेक दरपत्रक पाहिले आहेत. त्यांत वजनाचा रकाना असतो, नगाचा असतो, तासांचा असतो. सुधारणेचा रकाना आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

येथे कोणी म्हणेल, तुम्ही पितळेचे गोडवे गाता. पण ते घासावयास तुम्हांस बसविले असते तर? हा आक्षेप अगदी खरा आहे, आणि आम्ही तो टाळणार नाही. पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार राहिले की कळकते. म्हणून आतून कथलाची कल्हई लावावी लागे. कल्हईवाला भाता घेऊन दारी येई, भांडे तापवी, नवसागराची पूड टाकी, कथील फिरवी, आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात आतली बाजू चांदीसारखी करी. आम्ही मुले ते जादूसारखे पाहत उभे राहत असू. आमच्या आईला त्यात जादू दिसत नव्हती. तिला त्याचे पैसे दिसत होते. आणि रोज राखेने व चिंचेने भांडी उजळताना तिच्या बोटांना पडलेल्या भेगा दिसत होत्या. भरलेला पितळेचा गुंड कमरेवर घेऊन विहिरीपासून घरापर्यंत येणाऱ्या बाईला ईम्ससाहेबांचा अहवाल वाचून दाखविला असता, तर तिने गुंड खाली ठेवून आधी एक श्वास घेतला असता.

म्हणून जेव्हा प्रथम ‘जर्मन’ची, म्हणजे ॲल्युमिनियमची, आणि मागाहून स्टीलची भांडी आली, तेव्हा स्त्रियांनी त्यांचे स्वागत केले यात नवल नाही. ॲल्युमिनियमची भांडी करण्याचे काम आपल्या देशात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासेच्या कलाशाळेत १८९८ मध्ये सुरू केले. न गंजणारे पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये बनविले; ते आपल्या स्वयंपाकघरात स्थिरावयास अर्धशतक लागले. बोहारीण जुन्या लुगड्यांवर स्टीलची वाटी देऊ लागली, तेव्हा आमच्या आईने दोन पातळे देऊन एक डबा घेतला आणि आठवडाभर शेजारणींना दाखविला. तिला कल्हई नको, चिंच नको, राख थोडी. तिचा आनंद खरा होता. आणि त्याच वर्षांत भंडाऱ्याच्या आळीतील एकेक भट्टी थंड होत होती, हेही खरे होते. एका श्रमिकाची सुटका आणि दुसऱ्या श्रमिकाची उपासमार एकाच डब्यातून घरात आली. यांपैकी एकच बाजू सांगणारा इतिहास, मग तो पितळेचा असो की स्टीलचा, आम्ही अर्धा समजतो.

मग असा प्रश्न येतो की, वस्तू सुधारताना वापरणारीचा आणि करणाऱ्याचा, दोघांचाही विचार एकाच वेळी होऊ शकतो काय? होऊ शकतो, आणि तो आपल्या देशात एकदा झालेला आहे. अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळचे १ लाख! या बक्षिसाच्या अटी आम्हांस कोणत्याही शोधापेक्षा अधिक महत्त्वाच्या वाटतात. यंत्र वजनास हलके आणि खेड्यातील झोपडीत हाताने वा पायाने चालविता येईल असे असावे. एका बाईला त्यावर फारसे कष्ट न होता ८ तास काम करता यावे. ८ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांवर जाऊ नये. यंत्र २० वर्षे टिकावे, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या शेकडा ५ हून अधिक येऊ नये.

या अटी पुन्हा एकदा मनात घोळवून पाहा. बाईचा थकवा हे त्यात एक माप आहे. कामाचे तास हे माप आहे. झोपडीची जागा, गरिबाची ऐपत, खेड्यातली दुरुस्ती, हे सर्व मापात धरलेले आहे. यंत्र दिसते कसे, याबद्दल एक अक्षर नाही. औंध संस्थानात १९१० पासून उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातूनही एक यंत्र या परीक्षेस गेले. नांगरापासून पुढे कितीतरी यंत्रे करणारा तो कारखाना. पण सर्व अटी त्यांच्या यंत्रानेही पुऱ्या झाल्या नाहीत, आणि ते बक्षीस अखेर कोणासच मिळाले नाही. इकडे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी चरख्यावर प्रयोग चालविले होते. दोन चाके, एक मोठे व एक लहान, एका पेटीत बसवून, मिटली की हातात धरून नेता येईल असा जो पेटीचरखा तयार झाला, त्यास ‘येरवडा चक्र’ हे नाव पडले. येथे वापरणारा आणि सुधारणारा एकच होता, म्हणून ती सुधारणा टिकली.

बक्षीस दिले गेले नाही म्हणून तो प्रयत्न फसला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्ही तसे मानत नाही. शोधाचे माप कशाने घ्यावे याचा एक नमुना त्याने घालून दिला. पितळेच्या धंद्यास वेळीच असा कोणी मापकरी भेटला असता, हलक्या भांड्यास कमी मजुरी देण्याऐवजी अधिक मजुरी देणारा, कारागिरास स्टीलवर हात बसविण्याची संधी देणारा, तर आळीतल्या सर्व भट्ट्या वाचल्या असत्या असे नाही. पण त्या हातांतील विद्या हातांबरोबर राखेत गेली नसती.

यात दैवाचा खेळ असा की, पितळ मांडणीवरून उतरले तरी आपला मुलूख भांड्यांतून गेला नाही. नदीपलीकडे बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची मोठी उघडी खाण १९८२ मध्ये सुरू झाली. म्हणजे घरातून तांबे-पितळ जाऊ लागल्यावर दाराशी तांबे निघाले. आणि आपल्या तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज पाहा. पोलाद करावयास मँगनीज लागतेच. आणि भांड्यांसाठी जे स्वस्त स्टील वापरतात, त्याच्या एका जातीत महाग निकेलची जागा पुष्कळशी मँगनीजने भरून काढलेली असते. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतील खनिज तर विजेच्या कोरड्या बॅटऱ्यांना चालते. रात्री शेतावर जाताना आपण खुंटीवरची बॅटरी उचलतो, तिच्या सेलातील काळी भुकटी आपल्याच तालुक्यातील कोणी मजुराने उन्हात फोडलेली असू शकते. पूर्वी करणाऱ्याचे नाव भांड्यावर नव्हते, पण निदान त्याची आळी ठाऊक होती. आता आळीही ठाऊक नाही. हात गेले नाहीत. अधिक दूर गेले, अधिक अदृश्य झाले.

मग आपण काय करावे? पुन्हा पितळेकडे वळा, असा उपदेश आम्ही करणार नाही. घासणाऱ्या हातांना न विचारता असला उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमचे मागणे लहान आहे. १९९९ च्या भौगोलिक मानांकनाच्या कायद्याने एक नवी गोष्ट मान्य केली: ज्ञान एका माणसाचे नसून एका मुलखातील अनेकांचे असू शकते, आणि त्या अनेकांचा त्यावर मिळून हक्क असतो. आपल्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळास असे मानांकन मिळालेले आहे. पितळेच्या कारागिरीकडेही याच नजरेने पाहून तिची नोंद व्हावी. दुसरे असे की, वर्ध्यास मगनवाडीत ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी मगन संग्रहालय उघडले, ते राजेरजवाड्यांच्या तलवारींसाठी नव्हे, तर ग्रामोद्योगांच्या वस्तूंसाठी. एवढे मोठे नको. पण बपेऱ्याच्या शाळेत एक कपाट असू द्या. त्यात एक गडवा, एक गुंड, एक कल्हईचा भाता, एक मठारण्याची हातोडी ठेवा, आणि प्रत्येकीशेजारी ती कोणाच्या हातची, ती कशी वापरीत, तिच्यात कोणी काय बदल केला, हे लिहून ठेवा. ज्यांना हे सांगता येईल अशी वृद्ध माणसे आपल्या जिल्ह्यात आजही आहेत. ती नेहमी राहणार नाहीत.

आणि तिसरे मागणे प्रत्येकाने आपल्या घरी पुरे करण्यासारखे आहे. पुढच्या वेळी लग्नात भांडे द्याल, तेव्हा त्यावर नाव घालणारास आणखी एक ओळ घालावयास सांगा. ‘सप्रेम भेट’ असू द्या, मामांचे नाव असू द्या, तारीख असू द्या. त्याखाली ज्याने ते घडविले त्याचे नाव विचारून घाला. दुकानदारास ते ठाऊक नसेल. त्याने पुढे विचारावे, त्याच्या पुढच्याने त्याच्या पुढे विचारावे. नाव मिळेलच असे नाही. पण भांड्यामागे नाव असलेला माणूस आहे, एवढे तरी त्या वाटेवरच्या प्रत्येकाला एकदा आठवेल.

आमच्या आईच्या गडव्यावर ती ओळ घालणे आता शक्य नाही. म्हणून ती आम्ही आज येथे, आपल्यासमोर, तोंडी घालीत आहोत: घडविला भंडाऱ्याच्या एका कारागिराने, त्याचे नाव विचारावयाचे राहून गेले.